चाळिशीनंतरचं एम.ए.: लिबरल स्टडीज म्हणजे काय आणि गोव्यात राहून ते कसं जमवायचं

एम.ए. करतोय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कशात? मराठीत, इतिहासात, समाजशास्त्रात असं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. ‘लिबरल स्टडीजमध्ये’ म्हटलं की तो मान डोलावतो, चहाचा घोट घेतो आणि मग हळूच विचारतो, म्हणजे नक्की काय शिकवतात हो? त्यातून शिकणारा चाळिशी-पन्नाशीतला असेल तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: ‘आता ह्या वयार कित्याक?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं. पहिल्याचं मात्र नीट सांगता येतं, आणि ते कळलं की दुसऱ्याचं अर्धं काम होतं.

आधी एक गैरसमज दूर करू. राजकारणात ज्याला लिबरल म्हणतात त्याच्याशी या पदवीचा संबंध नाही. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल असे सात विषय सगळ्यांना शिकावे लागत. वकील, वैद्य किंवा धर्मगुरू व्हायचं ते त्यानंतर. म्हणजे धंद्याचं शिक्षण वेगळं आणि डोकं चालवायला शिकणं वेगळं, अशी ती वाटणी होती. तीच कल्पना अमेरिकेत पदव्युत्तर पातळीवर आली ती नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी. कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये असा पहिला अभ्यासक्रम काढला. मग एकेक विद्यापीठ त्यात उतरत गेलं आणि १९७५ मध्ये अशा अभ्यासक्रमांची एक संघटनाही उभी राहिली. वर्ग बहुतेक संध्याकाळी किंवा उन्हाळ्यात भरणारे, विद्यार्थी शाळामास्तर, नर्स, वकील, सैन्यातून निवृत्त झालेले. काही ठिकाणी तर व्याख्यान नाहीच. एक जुना ग्रंथ घ्यायचा, टेबलाभोवती पंधरा-वीस जणांनी बसायचं आणि त्यावर दोन तास बोलायचं. प्राध्यापक फक्त प्रश्न विचारणार.

नेहमीचं एम.ए. आणि हे, यांत फरक कुठे आहे? इतिहासाचं एम.ए. करणारा इतिहासाची हत्यारं शिकतो आणि ती जिथे चालतील असे प्रश्न शोधतो. लिबरल स्टडीजवाला आधी प्रश्न धरतो आणि त्याला जी हत्यारं लागतील ती वेगवेगळ्या विभागांतून गोळा करतो. ‘थोडं हे, थोडं ते’ असा मामला वाटतो खरा, आणि वाईट पद्धतीने शिकवलं तर होतोही. चांगल्या ठिकाणी तो तसा होऊ देत नाहीत, कारण प्रश्न सगळ्यांना एकत्र बांधून ठेवतो.

हे हवेत बोलून कळत नाही. आपल्याच अंगणातला एक प्रश्न घेऊ.

बांध कोणी दुरुस्त करायचा?

समजा चोडणला राहणारी, पणजीत बँकेत काम करणारी एक बाई आहे. घरची थोडी खाजन जमीन आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली; आता ती पडीक. वडील सांगायचे, पूर्वी इथे कोरगूट भात पिकायचं. आता बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि कांदळ, म्हणजे खारफुटी, वाढलं. फेरीतून येता-जाता तिला ते रोज दिसतं. तिचा प्रश्न साधा आहे: बांध फुटला तर तो दुरुस्त कोणी करायचा?

हा प्रश्न घेऊन ती इंजिनिअरकडे गेली तर तो मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, समजावून सांगेल. नदी आणि शेत यांच्या मधल्या बांधात दगडी कमान असते, तिला लाकडी झडपा. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून रेटा देतं आणि झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलतं आणि साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. वीज नको, माणूस नको, फक्त चंद्र वेळेवर हवा. झडपेची फळी कुजली किंवा कोणी ती मुद्दाम अडकवून ठेवली की सगळं गणित कोसळतं.

मुद्दाम कोण अडकवेल? इथे इंजिनिअरचं काम संपतं आणि अर्थशास्त्र सुरू होतं. मानशीवर जाळं लावून मासळी आणि सुंगटं (कोळंबी) पकडायचा हक्क लिलावाने दिला जातो. पाणी जितकं आत खेळेल तितकी मासळी जास्त. म्हणजे एकाच झडपेवर दोघांचं पोट: भात पिकवणाऱ्याला ती भरतीत बंद हवी, लिलाव घेणाऱ्याला उघडी. भाताला भाव नाही, सुंगटांना आहे. पुढचं सांगायला नको.

मग ती कायद्याकडे वळते. या जमिनी पूर्वी गावकरीच्या, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत त्या संस्थेच्या ताब्यात होत्या. बांधाची देखभाल हे गावकरीचं सामायिक काम. १९६४ च्या कुळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात उभं राहिलेल्यांच्या नातवंडांना विचारा. पण त्याबरोबर बांधाची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली आणि अनेक ठिकाणी ती धड कोणाचीच राहिली नाही. एका बाजूने न्याय झाला आणि दुसऱ्या बाजूने बांध फुटला. हे दोन्ही एका वाक्यात लिहायला धीर लागतो.

इतिहासाकडे गेली तर आणखी मागे जावं लागेल. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा याच्या बांदोडे ताम्रपटात खज्जन जमिनीचा उल्लेख आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतकं आधी इथली माणसं खाडीला बांध घालत होती. पर्यावरणाच्या अभ्यासात तिला कळेल की वाढलेलं कांदळ शेतीचा शत्रू असलं तरी काठाचं रक्षण करतं, माशांची पिल्लं सांभाळतं आणि ते तोडायला कायद्याने बंदी आहे. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी बांध झिजतात हे तर तिने स्वतः पाहिलेलं आहे.

आता तिच्या लक्षात येतं की आपला साधा प्रश्न कुठल्याच एका विभागाचा नाही. इंजिनिअर सांगेल काँक्रीटची मानस बांधा. वकील म्हणेल संघावर नोटीस काढा. पर्यावरणवाला म्हणेल जागा निसर्गाला सोडा. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि तिघांचं एकत्र केलं तर ताळमेळ बसत नाही. तो ताळमेळ का बसत नाही हे चार प्रकारचे पुरावे समोर ठेवून चाळीस पानांत मांडणं, हा लिबरल स्टडीजचा प्रबंध.

असा माणूस गोव्याला नवीन नाही. दामोदर कोसंबी १९०७ मध्ये इथल्याच कोसबेंत जन्मले. व्यवसायाने गणिती. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हजारोंनी तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन कमी आणि वजनातली तफावत जास्त. हे संख्याशास्त्र लावून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा काळक्रम लावला. इतिहासाच्या प्रश्नाला प्रयोगशाळेतला तराजू लावायचं सुचायला दोन्ही घरं ओळखीची असावी लागतात. अर्थात प्रत्येक एम.ए.वाला कोसंबी होत नाही. व्हायची गरजही नाही.

प्रौढपणी का

विशीत हा अभ्यास करता येतो, पण त्या वयात प्रश्न उसने असतात. चाळिशीत माणसाकडे स्वतःचा एखादा तरी प्रश्न असतो. पंचायतीत पाच वर्षं काढलेल्याला ग्रामसभा का चालत नाही हा प्रश्न छळत असतो. नर्सला मरणासन्न माणसाशी खरं बोलावं की नाही हा. आंतोनियो आणि अनंत एकाच वाड्यावर राहून एकाच देवीला नवस का बोलतात, याचं उत्तर फोंड्याच्या एखाद्या मास्तरला पाठ्यपुस्तकात मिळालेलं नसतं. असा प्रश्न असला की वाचन आपोआप खोल जातं. नसला तर दोन वर्षं नोट्स काढण्यात जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी प्रश्न, मग पदवी. फॉर्म भरण्याआधी एका पानावर तुमचा प्रश्न लिहून बघा. पान भरत नसेल तर अजून थांबा, चार पुस्तकं वाचा, काही बिघडत नाही.

पगारवाढीच्या आशेने मात्र याच्या वाटेला जाऊ नका. शिक्षकाला किंवा खात्यांतर्गत बढती हवी असणाऱ्याला पदव्युत्तर पदवी कधी उपयोगी पडते, पण त्यासाठी ठराविक विषयातलं एम.ए. विचारलं जातं. लिबरल स्टडीजसारख्या नावाने समोरचा बाबू गोंधळतो. ज्यांना कॉलेजात शिकवायचं आहे, नेट-सेट द्यायची आहे, त्यांनी तर एकच विषय पक्का धरावा. नेटच्या यादीतला विषय आणि तुमची पदवी जुळावी लागते.

भारतात काय मिळतं

‘लिबरल स्टडीज’ हेच नाव लावून प्रौढ नोकरदारासाठी संध्याकाळी चालणारी पदव्युत्तर पदवी आपल्याकडे शोधायला गेलात तर निराश व्हाल. हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठाची यंग इंडिया फेलोशिप आहे. २०११ मध्ये सुरू झालेला हा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम लिबरल स्टडीजमधला पदव्युत्तर डिप्लोमा देतो. पण नावातच यंग आहे, आणि घरदार सोडून वर्षभर हॉस्टेलवर राहायचं आहे. दोन मुलं, सासू-सासरे आणि गृहकर्ज असलेल्या माणसाला हे वर्तमानपत्रात वाचण्यापुरतं.

तेव्हा आपण ती पदवी स्वतः जोडायची. गोव्यात राहून हे होतं, थोडी खटपट करावी लागते.

पहिला रस्ता गोवा विद्यापीठ. १९८५ मध्ये ते सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून साठीच्या पुढच्या गोंयकाराच्या पदवीवर मुंबईचा शिक्का दिसतो. तो शिक्का इथे चालतो. ताळगावच्या पठारावर मराठी, कोंकणी, पोर्तुगीज, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, स्त्री-अभ्यास हे सगळे विभाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ही मोठीच सोय. तिथे एका विषयात प्रवेश घ्यायचा आणि ऐच्छिक अभ्यासक्रम आपल्या प्रश्नाच्या दिशेने निवडायचे. दुसऱ्या विभागातले कोणते घेता येतील हे प्रवेशाच्या आधीच विभागात जाऊन विचारा, नंतर वेळापत्रकं आपटतात. अडचण एकच, पण ती डोंगराएवढी: वर्ग दिवसा आणि हजेरी सक्तीची. निवृत्त माणूस, स्वतःचा धंदा असलेला किंवा पूर्ण रजा मिळणारा यांनाच हे झेपतं.

बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना एक चांगली बातमी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा दिला त्यात पदवीचा विषय वेगळा असला तरी प्रवेश परीक्षा पार करून दुसऱ्या विषयात जाण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात कोणता विभाग काय मागतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. आणि एक वर्षाचं एम.ए. म्हणून जे ऐकू येतं ते चार वर्षांची ऑनर्स पदवी केलेल्या नव्या मुलांसाठी आहे. आपण तीन वर्षांवाले. आपल्याला दोन वर्षं.

दुसरा रस्ता इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. नोकरदारासाठी मी हाच सुचवेन. वयाची अट नाही, प्रवेश वर्षातून दोनदा, गोव्यासाठी प्रादेशिक केंद्र आहे. तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र, गांधी आणि शांतता अभ्यास, लिंगभाव आणि विकास अभ्यास, लोकसाहित्य आणि संस्कृती अभ्यास, अनुवाद अभ्यास अशी यादी आहे. यातले शेवटचे काही मुळातच अनेक विषयांच्या सांध्यावर उभे आहेत. लिबरल स्टडीज या नावाच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्या आवाक्यातलं हेच. खोट एक: अभ्याससाहित्य मुख्यतः इंग्रजीत आणि हिंदीत. मराठी माध्यमातून शिकलेल्याला पहिले सहा महिने जड जातात. मराठी माध्यमाचंच हवं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येतं. सावंतवाडीला पत्ता असणाऱ्याला ते जमेल, पेडण्याच्या माणसाला नाही.

आता तासांचं गणित, कारण बहुतेक लोक इथेच गळतात. इग्नूचं एम.ए. साधारण ८० क्रेडिटचं. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० गुणिले ३०, झाले २,४०० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला २३ तास. वेर्ण्याच्या कारखान्यातून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्याने हे मनातही आणू नये. पण कमाल मुदत ४ वर्षं आहे. चार वर्षांत वाटलं तर आठवड्याला साडेअकरा तास: रोज पहाटे एक तास आणि रविवारी साडेपाच. हे जमतं. दोन वर्षांत करीन म्हणणारे पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात सोडून देतात. पहिल्या दिवसापासून चार वर्षं धरून चालणारे पुरे करतात, असं माझं आजूबाजूचं निरीक्षण आहे.

पूरक म्हणून ‘स्वयम्’ आहे, केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ. २०१७ पासून चालू आहे. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर तेवढं शुल्क. वरच्या चोडणच्या बाईने समाजशास्त्रात एम.ए. घेतलं तर पर्यावरण कायदा इथे शिकता येईल. क्रेडिट जमा ठेवायला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची सोय २०२१ मध्ये आली. तुम्ही कमावलेली क्रेडिट तिथे साधारण ७ वर्षं टिकतात, मधे शिक्षण सुटलं तरी. नोकरीची बदली, घरातलं आजारपण, बाळंतपण यांतून जाणाऱ्या प्रौढासाठी ही खरी कामाची गोष्ट. मात्र बाहेरची क्रेडिट किती आणि कोणती धरायची ते पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं, आणि निदान अर्धी त्याच्याकडेच कमवावी लागतात. इकडची-तिकडची गोळा करून शेवटी कोणाच्या तरी शिक्क्याने पदवी घेईन, असं होत नाही.

पदवीच नको, पण चव घ्यायची आहे? गोवा विद्यापीठात बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, कोसंबी अशा नावांची अध्यासनं आहेत. त्यांवर बाहेरून आलेले अभ्यासक छोटे अभ्यासक्रम घेतात आणि त्यांना सामान्य नागरिकांनाही नाव नोंदवून बसता आलेलं आहे. कला अकादमीतला कोसंबी विचार महोत्सव तर फुकटच.

वाचन नव्हे, लेखन

प्रौढ विद्यार्थ्याला वाचनाची भीती वाटते. खरं अडतं ते लिहिताना. आपण सगळे वीस-पंचवीस वर्षं ऑफिसची टिपणी, अर्ज, व्हॉट्सअ‍ॅप आणि फार तर वर्तमानपत्रातलं पत्र एवढंच लिहीत असतो. स्वाध्यायाच्या पहिल्या मसुद्यात मग असं वाक्य येतं:

‘खाजन शेती ही गोव्याच्या संस्कृतीचा अमूल्य ठेवा असून तिचे जतन करणे ही काळाची गरज आहे.’

यात एकही गोष्ट चूक नाही आणि एकही गोष्ट सांगितलेली नाही. चांगला शिक्षक समासात तांबड्या पेनने लिहितो: कोणाचा ठेवा? जतन कोण करणार? पैसे कुठले? तेच वाक्य तिसऱ्या मसुद्यात असं होतं:

‘कुळ कायद्यानंतर उत्पन्नाचा हक्क कुळाकडे गेला, बांधाचा खर्च मात्र सामायिकच राहिला, आणि तो वसूल करण्याचा अधिकार वापरायला कोणी पुढे आलं नाही.’

हे वाक्य खोडून काढता येतं. कागद दाखवून कोणी म्हणू शकतं की अमुक गावात वसुली होत होती. खोडता येईल असं वाक्य लिहायला शिकणं, एवढंच मला विचाराल तर या दोन-चार वर्षांचं पीक. काळाची गरज कोणालाच खोडता येत नाही, म्हणून ती भाषणात बरी.

उचलेगिरीबद्दल दोन शब्द. २०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे यावर नियम आहेत. प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो आणि १० टक्क्यांच्या वर साम्य निघालं की परत येतो. ऑफिसात जुनी टिपणी कॉपी करून तारीख बदलायची सवय आपल्या हाताला असते, ती इथे अंगाशी येते. मुलाकडून एआयने लिहून घेणं हाही त्यातलाच प्रकार. पकडले जाल की नाही हा मुद्दा सोडा. पैसे भरून, पहाटे उठून, दुसऱ्याकडून विचार करून घ्यायचा तर झोपलेलं काय वाईट?

साधनांची मात्र गोव्यात ददात नाही, आणि हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. पाटो-पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ मधलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोडणारं. पुराभिलेख खात्याची मुळं १५९५ पर्यंत जातात. तिथे पोर्तुगीज कागदांबरोबर मराठी-मोडीतलेही आहेत. मोडी शिकून घेतलीत तर पुढे नुसतं इंग्रजी येणाऱ्या अभ्यासकाला जे उघडता येत नाही ते दप्तर तुम्हाला उघडेल. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. अमेरिकेत लाखो रुपये भरून जे मिळवायचं त्यातलं अर्धं कदंबा बसच्या तिकिटात मिळतं. उरलेलं अर्धं म्हणजे टेबलाभोवतीची चर्चा. ती मात्र दूरशिक्षणात अजिबात नसते. त्यावर उपाय एकच: आपल्यासारखे तिघे-चौघे शोधायचे आणि महिन्यातून एकदा कुठल्या तरी वाचनालयाच्या कोपऱ्यात बसायचं. मडगाव, म्हापसा, डिचोली, फोंडा, कुठेही असं माणूस सापडतं. विचारायला संकोच वाटतो एवढंच.

घर आणि कचेरी

दामोदर कोसंबींचे वडील धर्मानंद साखवाळचे. १८९९ मध्ये, तेविशीत, संस्कृत आणि बौद्ध धर्म शिकण्यासाठी त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असं फिरत ते पालीचे इतके मोठे पंडित झाले की १९१० मध्ये हार्वर्डने बोलावून घेतलं. शिक्षणाच्या ओढीचं उदाहरण म्हणून आपण ही कथा कौतुकाने सांगतो. पण ते निघाले तेव्हा घरी बायको होती, बाळाबाई, आणि तान्ही मुलगी. त्या वर्षांत घर कोणी चालवलं, हे सांगताना कोणाचा आवाज तितका चढत नाही.

एकाचा अभ्यास म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी वाढलेलं काम, हे धरूनच चालावं. बायकोने एम.ए. करायचं ठरवलं की रात्रीची भांडी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं यांची वाटणी फॉर्म भरण्याआधी बोलून घ्यावी. ‘तू शिक गो, आमी आसात’ हे वाक्य गोड असतं. त्याच्यापुढे कोणत्या वारी कोण स्वयंपाक करणार हे लिहून घ्या. नवरा शिकत असेल तेव्हा ही वाटणी बहुधा न बोलताच होते, आणि ती कोणाच्या अंगावर पडते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सरकारी नोकरांसाठी अध्ययन रजा असते. गोव्यात केंद्रीय रजा नियमच लागू आहेत. ५ वर्षांची सेवा झालेली असावी, एका वेळी साधारण १२ महिने आणि सगळी मिळून २४ महिने मिळू शकतात. मौज अशी की कामाशी थेट संबंध नसला तरी कर्मचाऱ्याच्या मनाचा विस्तार करणारा अभ्यास या नियमांत बसतो. लगेच पुढे निव्वळ शैक्षणिक किंवा वाङ्मयीन विषयांसाठी रजा सहसा देऊ नये असंही आहे. या दोन कलमांच्या मधून अर्ज कसा काढायचा हे तुमच्या खात्यातल्या आस्थापना शाखेचा जुना हेडक्लार्क सांगेल, त्याला आधी भेटा. रजा नको असेल तरी वरिष्ठांना लेखी कळवून पोच घेऊन ठेवावी. खासगी नोकरीत हा प्रश्न फक्त परीक्षेच्या दिवसांपुरता येतो.

पैसे भरण्याआधी संस्थेची चौकशी करा. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते, आणि ती त्या त्या अभ्यासक्रमाला, त्या त्या सत्रासाठी असते. विद्यापीठ खरं आहे म्हणून त्याचा प्रत्येक ऑनलाइन कोर्स खरा, असं नाही. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. एजंटाने छापलेल्या पत्रकावर नव्हे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्यालाही डेब-आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि तो काढतानाच पुष्कळशा गोष्टी उघड होतात. ‘सहा महिन्यांत एम.ए., परीक्षा घरून’ असं कोणी म्हापशाच्या बाजारात सांगू लागला तर पुढे चालू पडा. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी मात्र नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. ‘ती पत्राने केलेली पदवी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या काकांना ते पत्रक दाखवता येईल.

आणि इग्नू घेतलंत तर परीक्षांचं कॅलेंडर आताच भिंतीवर लावा. सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. गुणांचा ३० टक्के भाग स्वाध्यायांचा, ७० टक्के परीक्षेचा. स्वाध्याय मुदतीत दिले नाहीत तर परीक्षेचा उपयोग नाही. जूनची परीक्षा पहिल्या पावसात, रस्त्यांवर पाणी आणि मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. डिसेंबरची सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्तापासून नाताळापर्यंत पसरलेली, वर गावोगावच्या जत्रा आणि मुंबईहून आलेले पाहुणे. त्यातल्या त्यात डिसेंबरला दोन आणि जूनला दोन असे पेपर वाटून घेतले तर रजेचा हिशेब बसतो. पाहुण्यांना चतुर्थीला भेटतील तेव्हाच सांगून ठेवा.